लिफ्ट सकाळी उचलेना, आणि बारा हजार गेले

ट्रॅक्टर आमचा १९९६चा. जानेवारीत खोडवा मोडायला रोटावेटर जोडला आणि मागचं अवजार तेलाच्या दाबानं वर उचलणाऱ्या लिफ्टनं रुसायला सुरुवात केली. सकाळी दांडा वर ओढला की पंप कुईंऽ करायचा, रोटावेटर वीतभर वर येऊन अडकायचा. तासभर ट्रॅक्टर चालला की मुकाट पूर्ण उचलायचा. हे मी रोज बघत होतो, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. तिथंच कापला गेलो.

नेहमीच्या मिस्त्रीनं दोन मिनिटं आवाज ऐकला. "पंप गेला." नवा पंप ९,५००, मजुरी अन् वरचं ऑईल २,५००. पंप खोलून घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी चकचकीत चंदेरी पंप आणून बसवला. ट्रायल दुपारी दोनला, ट्रॅक्टर नुकताच उसाची ट्रॉली ओढून आलेला. लिफ्ट झटक्यात वर! मी रोख पैसे दिले. बिल "उद्या", जुना पंप "भंगारात टाकला हो, काय येणारेत त्याचे".

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुईंऽ. फोन केला तर म्हणाला, आता वरचं कव्हर खोलून सिलिंडरची ओरिंग, म्हणजे ऑईल अडवणारं रबरी कडं, बघू, आठ हजार धरा. नशीब, तेव्हा घरात आठ हजार नव्हते.

मेव्हण्यानं त्यांच्या गावचा एक म्हातारा मिस्त्री आणला. हत्याराला हात लावायच्या आधी त्यानं विचारलं, "पाव्हणं, गार असताना उचलत नाही का तापल्यावर?" मी सांगितलं. मग त्यानं उलगडून दाखवलं: पंप झिजला असता तर ऑईल तापून पातळ झाल्यावर लिफ्ट ढिली पडली असती. ओरिंग गेली असती तर इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली बसलं असतं, आमचं टांगलेलं राहत होतं. "गार ऑईल घट्ट असतंय, पंपाआधीच्या गाळायच्या जाळीतनं येईना. पंप उपाशी वरडतोय."

जाळी काढली. तिच्यात लाल गॅस्केट पेस्टचे शेवयांसारखे तुकडे गच्च बसलेले. दिवाळीत पीटीओचं, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचं, सील बदलताना पेस्ट थापली होती ती याच नेहमीच्या मिस्त्रीनं. जाळी धुऊन ऑईल बदललं. ऑईल सोडलं तर सगळा खर्च सातशे रुपये.

म्हाताऱ्यानं जाता जाता डिझेलच्या चिंधीनं पंप पुसला. चंदेरी रंग चिंधीवर आला आणि खाली पंचचे दोन ठिपके दिसले. आबांनी पूर्वी कधीतरी मारलेले. पंप आमचाच!

पंप असो, स्टार्टर असो, गॅरेजला जाताना असे ठिपके मारा, फोटो काढा, जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि ट्रायल ज्या वेळी बिघाड दिसतो त्याच वेळी घ्या. माझी सकाळी सहाला व्हायला हवी होती.

नेहमीच्या मिस्त्रीला जाब विचारल्यावर "दुकानदारानंच मला फसवलं" म्हणत त्यानं चार हजार परत दिले. बाकीचे उसाची बिलं झाल्यावर देणार होता. बिलं होऊन गेली. लिफ्ट पहाटेसुद्धा उचलते, तो फोन उचलत नाही.