रेडिएटर फ्लश आणि कॉन्सन्ट्रेट कूलंट : घरी केलेलं काम, 8 महिन्यांनंतर

गाडी 2013ची, पेट्रोल, लहान हॅचबॅक. आम्ही कराडला आणि सासुरवाडी चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट महिन्यातून एकदा तरी होतोच. गेल्या एप्रिलमध्ये परत येताना पोफळी सोडून चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला, एसी बंद केला, तरी खाली येईना, मागच्या सीटवर पोरगी आणि सासूबाई. बाजूला घेतली आणि चांगले चाळीस मिनिटं थांबलो. बॉनेट गार पडल्यावर रेडिएटरची कॅप उघडली तर आत पाणी कुठलं, गेरू कालवल्यासारखं लाल काहीतरी होतं. मागचे दोन-तीन वर्षं सर्व्हिसिंगला गाडी दिली की "पाणी टाकलंय" एवढंच ऐकायचो आणि मी पण कधी विचारलं नाही की कसलं पाणी. बोरचं होतं ते. क्षाराचं पाणी इंजिनात तापत राहिलं की जे व्हायचं तेच झालं होतं.

मे महिन्यात घरीच फ्लश करायचं, म्हणजे रेडिएटर आणि इंजिनातली पाण्याची वाट आतून धुऊन काढायची, असं ठरवलं. गॅरेजवाले 1800 सांगत होते, पण पैशापेक्षा मला आत काय भरलं जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझा खर्च असा : फ्लशची (गाळ सोडवणाऱ्या औषधाची) बाटली 190, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या 680, डिस्टिल्ड वॉटरचे 5 लिटरचे दोन कॅन 180, नवीन रेडिएटर कॅप 160 आणि एक होज क्लॅम्प (रबरी पाइप आवळणारी पट्टी) 40. झाले 1250.

आधी फ्लशच्या बाटलीबद्दल. काम करते, पण जेवढं नाव आहे तेवढं नाही. पहिल्यांदा जुनं पाणी काढलं, मग साधं पाणी आणि फ्लश टाकून, हिटर फुल गरमवर ठेवून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं. हिटर गरमवर ठेवणं विसरू नका, नाहीतर काही गाड्यांत हिटरच्या बारक्या रेडिएटरमधलं पाणी फिरतच नाही आणि तिथला गाळ तिथेच राहतो. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत, म्हणजे बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 डिग्रीपर्यंत, रेडिएटरमधलं पाणी इंजिनात जातच नाही, त्यामुळे पाच मिनिटं चालवून बंद करण्यात काही अर्थ नाही, रेडिएटरचा वरचा होज हाताला गरम लागला पाहिजे. मग बंद करून पूर्ण गार होऊ दिलं (मी तर सरळ जेवून आलो, दीड तास) आणि रेडिएटरचा खालचा कॉक उघडला. जे निघालं ते बघून बायको म्हणाली हे गाडीत होतं? चहाच्या चोथ्यासारखा गाळ, लाल पाणी, पेंटच्या डब्याच्या तळाला बोटभर साका. म्हणजे गंजाचा आणि मऊ गाळ फ्लशने नक्की काढला. पण घट्ट बसलेले क्षार नाही निघाले, कॅपच्या खालच्या गळ्याशी पांढरा थर अजून तसाच आहे. रेडिएटर खरंच चोंदला असेल तर अशा बाटलीवर अवलंबून राहू नका, रेडिएटरवाल्याकडेच जा. आणि बाटलीवरच्या सूचना एवढ्या बारीक अक्षरात आणि तीन ओळींत, किती लिटरला किती टाकायचं ते धड लिहिलेलं नाही, याचा मला राग आला, नवीन माणूस हे वाचून काय करणार?

खालचा कॉक बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, जुन्या गाडीत तो कडक होऊन तुटू शकतो म्हणून पक्कड लावू नका, हातानेच हळू फिरवा. फ्लश केल्यावर माझा एक होज क्लॅम्पपाशी पाझरायला लागला, इतके दिवस गंजानेच तो धरून ठेवला असणार. म्हणून तो 40 रुपयांचा क्लॅम्प.

आता कूलंट, आणि मी हे सगळं लिहायला बसलो ते खरं यासाठी. दुकानात गेलं की आधीच पाणी मिसळलेलं रेडीमेड मिक्स हातात देतात, "काही मिसळायचं नाही, सरळ ओता". टॉपअपला ते ठीक आहे. पण फ्लश केल्यावर ते ओतलं तर हिशोब चुकतो. माझ्या गाडीत सगळं मिळून साधारण 4 लिटर बसतं, पण खालच्या कॉकमधून मोजून निघालं 2.7 लिटर. बाकी 1.3 लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हिटरमध्ये राहतं, आणि धुऊन झाल्यावर ते राहिलेलं म्हणजे नुसतं पाणी! त्यावर 50 टक्क्यांचं रेडीमेड 2.7 लिटर ओतलं तर गाडीत खरं कूलंट जेमतेम 34 टक्के. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही हे मान्य, पण गंज रोखणारं औषध पण तेवढंच पातळ होतं आणि माझा तर सगळा त्रास गंजाचाच होता. म्हणून कॉन्सन्ट्रेट. आत 1.3 लिटर पाणी आहेच, त्यात 2 लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर 0.7 लिटर डिस्टिल्ड, झालं बरोबर निम्मं-निम्मं. त्याहून जास्त घट्ट पण करू नका, उष्णता वाहून न्यायचं काम पाणीच जास्त चांगलं करतं, नुसतं कूलंट भरलं तर गाडी उलट जास्त तापेल.

आणि ते आत राहणारं 1.3 लिटर असतं ना, म्हणूनच शेवटचे दोन वेळा धुताना डिस्टिल्ड वॉटर वापरलं. आधीचे दोन राउंड नळाच्या पाण्याने केले, स्वच्छ पाणी यायला लागलं की मग डिस्टिल्ड. दर वेळी इंजिन तापवायचं, गार करायचं, काढायचं, अख्खा रविवार गेला त्यात. बॅटरीसाठी मिळतं तेच पाणी.

कूलंट मी आमच्या इथल्या स्पेअरपार्टच्या दुकानातून घेतलं, दुकानातल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला "हिरवं देऊ का लाल?" रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने टाकते. मॅन्युअलमध्ये कुठल्या प्रकारचं सांगितलंय ते बघा आणि बाटलीवर आयएस 5759 (भारतीय मानक) किंवा जेआयएस के 2234 (जपानी मानक) छापलंय का ते बघा. काकांनी सगळ्या बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि मला निवांत वाचू दिलं, वर एक काम केलं, माझी जुनी कॅप हातात घेऊन रबर दाबून दाखवलं, पार कडक झालेलं. कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, ती आतला दाब धरून ठेवते आणि दाबामुळे पाणी उशिरा उकळतं, म्हणून घाटात तिचं महत्त्व जास्त. जुन्यावर दाबाचा आकडा 0.9 लिहिला होता, तोच आकडा बघून नवीन घेतली.

भरताना हळूहळू, कॅप उघडी, इंजिन चालू, हिटर गरमवर, वरचा होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे येतात आणि लेव्हल खाली जाते, परत टाकायचं. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि हिटरमधून चांगली गरम हवा आली, तेव्हा हवा निघाली असं समजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिझर्व्ह टाकीतली लेव्हल थोडी उतरली होती, भरली. त्यानंतर 8 महिने हललेली नाही.

एक कळकळीची विनंती. काढलेलं पाणी गटारात किंवा अंगणात ओतू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात, थोडंसं पोटात गेलं तरी. आमच्या गल्लीत तेव्हा एका कुत्रीला पिल्लं झाली होती, म्हणून मी सगळं झाकणाच्या डब्यात भरलं, सांडलेलं भरपूर पाण्याने धुतलं आणि डबा ओळखीच्या गॅरेजवर जुन्या ऑइलच्या ड्रमशेजारी वेगळा ठेवायला दिला. घरात लहान मूल असेल तर उरलेली बाटली पण वर ठेवा, रंग सरबतासारखा असतो.

आत्तापर्यंत पाच-सहा वेळा कुंभार्ली झाला, दिवाळीत चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, काटा अर्ध्याच्या खालीच. रिझर्व्ह टाकीत बॅटरी मारून बघतो अधूनमधून, रंग अजून स्वच्छ हिरवा आहे. कूलंटला पाचपैकी पाच, फ्लशच्या बाटलीला तीन. या कूलंटची मुदत दोन वर्षं, तेव्हा परत कॉन्सन्ट्रेटच घेणार, पण गाळ नसेल तर फ्लशची बाटली घेणार नाही, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनेच धुवीन.