मुंबई–पुणे प्रवास अशक्य वेगाने : वर्गात कोणते गणित घ्यावे?

आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर एखादी मोकळी तासिका अशक्य वेगाच्या गणितात घालवायची असे ठरले, की तीन वेग समोर येतात : ध्वनीचा वेग, जमिनीलगत पृथ्वीप्रदक्षिणा घालता येईल असा वेग, आणि सिग्नलचा लाल दिवा हिरवा दिसेल इतका वेग. एका तासिकेत तिन्ही मावत नाहीत, हे मी दोनदा करून पाहिले आहे. त्यामुळे निवड करावीच लागते, आणि ती वेग किती मोठा आहे यापेक्षा मुलांच्या हाती काय उरते यावर करावी. तुलनेसाठी रस्ता एकच घेऊ, ९४.५ किलोमीटरचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, आणि गाडी १,००० किलोग्रॅमची.

ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटर किंवा ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर वेगाने, हे अंतर ४ मिनिटे ३६ सेकंदांत संपते. या उत्तराने मुले खूश होतात, पण खरी मेजवानी पुढच्या प्रश्नात आहे : इंजिन किती शक्तीचे लागेल? हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. गाडीचे समोरचे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि रोधगुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, ०.३ धरला, तर ताशी १०० किलोमीटरला केवळ हवेसाठी साधारण साडेआठ किलोवॉट लागतात. वेग १२.३५ पट झाला की शक्ती जवळजवळ १,९०० पट होते, म्हणजे १६ मेगावॉट, आणि ध्वनीच्या वेगाजवळ रोधगुणांक स्वतःच वाढत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. गेल्या वेळी एका मुलीने फळ्यावर १२.३५ चा घन करताना दशांशचिन्ह चुकवले, उत्तर १८८ पट आले, आणि मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला की मग जेट इंजिनांची गरजच काय. चूक अशी आपोआप सापडते, याचे कारण हा वेग अजून माणसाच्या आवाक्यात आहे : १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात ब्रिटिश वैमानिक अँडी ग्रीन यांनी दोन जेट इंजिनांच्या ‘थ्रस्ट एसएससी’ या गाडीने ताशी सुमारे १,२२८ किलोमीटर वेग गाठून जमिनीवर ध्वनीची मर्यादा ओलांडली होती (हवा थंड असली की ध्वनीचा वेग वरच्या १,२३५ पेक्षा थोडा कमी असतो).

थांबण्याचे गणितही इथेच सर्वांत बोलके होते. टायर आणि रस्ता यांतील घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत गाडी सुमारे ८.६ किलोमीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पोहोचायला लागणाऱ्या एका सेकंदाचे ३४३ मीटर वेगळेच. खालापूरच्या टोलनाक्यावर थांबायचे असेल, तर नाका दिसण्याच्या कितीतरी आधी ब्रेक लावावा लागेल. घाटात २०० मीटर त्रिज्येचे वळण कल्पिले, तर प्रवाशावर गुरुत्वाच्या साठपट बाजूचा रेटा येतो. हॉर्नचा मात्र काहीच उपयोग नाही, कारण त्याचा आवाज आणि गाडी पुढच्या माणसापर्यंत एकाच वेळी पोहोचतात.

प्रकाशाचे गणित मुलांना सर्वांत आधी हवे असते. प्रकाशाच्या उगमाकडे वेगाने गेले की त्याची तरंगलांबी आखूड भासते; ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश ५३० नॅनोमीटरचा हिरवा दिसायला सिग्नलच्या दिशेने प्रकाशाच्या सुमारे १७ टक्के वेगाने, म्हणजे सेकंदाला ५१,००० किलोमीटरहून अधिक वेगाने जावे लागते. पुणे दोन मिलिसेकंदांच्या आत येते आणि चालकाच्या दृष्टीने रस्ता सुमारे १.४ किलोमीटरने आखूड होतो. सिग्नल मागे पडल्यावर आरशात पाहिले, तर तिथला हिरवा दिवा लाल दिसेल, हे मला फार सुंदर वाटते. अडचण अशी, की ही उत्तरे ज्या सूत्रातून येतात ते सापेक्षतेचे सूत्र या वयात विश्वासावर घ्यावे लागते. आकडा चुकला, तरी वर्गात कोणाला शंका येत नाही.

उरलेला वेग जमिनीलगतच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा, सेकंदाला ७.९ किलोमीटर. प्रवास अवघ्या १२ सेकंदांचा, पण या वेगाला रस्त्याचा अर्थच बदलतो, आणि म्हणूनच तो मला सर्वांत जवळचा आहे. हवा नाही आणि पृथ्वी गुळगुळीत आहे असे धरले, तर पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत राहायला लागणारे अभिकेंद्री बल गाडीच्या संपूर्ण वजनाइतके होते. मग टायर रस्त्याला टेकलेले दिसतील, पण दाबणार नाहीत. दाब नाही म्हणजे घर्षण नाही, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी. निम्म्या वेगाला वजनाचा चौथा हिस्सा कमी होतो, तर ध्वनीच्या वेगाला गाडी जेमतेम १.९ किलोग्रॅमने हलकी भरते. वर्गाचे प्रमाण म्हणजे काय, हे मुलांना या तीन आकड्यांतून उमगते.

आणि हे गणित परत खऱ्या रस्त्यावर आणता येते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन स्वतःच सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते, त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीचा वेग त्यात मिळवला जातो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीचा वजा होतो. ताशी १०० किलोमीटरने ठीक पूर्वेकडे धावणारी आपली गाडी उभ्या गाडीपेक्षा सुमारे ४०० ग्रॅमने हलकी असते आणि ठीक पश्चिमेकडे धावणारी सुमारे ३८० ग्रॅमने जड. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ लोरांड ओत्व्होश यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो, आणि चालत्या जहाजावर गुरुत्व मोजताना त्याची वजावट करावीच लागते.

आठवी-नववीचा वर्ग असेल, तर ध्वनीचा वेग घ्यावा आणि फळा बराचसा घनाच्या गणितासाठी मोकळा ठेवावा. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यामुळे तिथे ७.९ चा वेग घेण्यात मला काहीच संकोच वाटत नाही. अभिकेंद्री बल नुकतेच शिकवून झाले असेल, तर सूत्र सांगूही नये. गाडी किती वेगाने गेली म्हणजे तिचे वजन शून्य होईल, एवढेच विचारावे आणि पृथ्वीची त्रिज्या, ६,३७१ किलोमीटर, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.