इरॅस्मसचं 'ॲडेजेस': पावसाळ्यापासून उशाशी आहे, आता सविस्तर लिहितेय

आधीच सांगून टाकते, हे पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलंत तर पंधरा-वीस पानांत कंटाळून ठेवून द्याल आणि मग मला नावं ठेवाल. मी पावसाळ्यात घेतलं, सेकंडहँड, इंग्रजीतली निवडक आवृत्ती, आणि तेव्हापासून रात्री झोपायच्या आधी एखाद-दुसरी म्हण असं चाललंय. चिवड्याच्या डब्यासारखं येता-जाता मूठभर, तसंच हे वाचायचं.

आहे काय तर इरॅस्मस ह्या सोळाव्या शतकातल्या डच विद्वानानं केलेला जुन्या ग्रीक आणि लॅटिन म्हणींचा संग्रह. म्हण दिलीय, ती कुठल्या कवीकडे, कुठल्या नाटकात सापडते ते दिलंय, मग तिचा अर्थ आणि ती कधी कशी वापरायची. १५०० साली पॅरिसला पहिल्यांदा छापलं तेव्हा ८१८ म्हणी होत्या, १५०८ च्या व्हेनिसच्या आवृत्तीत तीन हजारांच्या वर गेल्या आणि १५३६ मध्ये हा माणूस स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वारला तोपर्यंत ४१५१. म्हणजे आयुष्यभर एकच पुस्तक वाढवत बसला, मधल्या काळात बाकीची ढीगभर पुस्तकं लिहिली ती वेगळीच.

आणि सुरुवात कशातून झाली तर पैशाच्या तंगीतून! १५०० च्या जानेवारीत इंग्लंडहून परत निघाला होता, डोव्हर बंदरावर कस्टमवाल्यांनी जवळचे जवळजवळ सगळे पैसे काढून घेतले, कारण सोन्याचांदीची नाणी देशाबाहेर न्यायला कायद्यानं बंदी होती. मित्रांनी सांगितलं होतं की इंग्रजी नाणी नसली की चालतं, आणि त्या मित्रांत पुढे 'युटोपिया' लिहिणारा टॉमस मोरही होता, जो तेव्हा स्वतः कायदा शिकत होता!! पॅरिसला पोचला तो कफल्लक, मग घाईघाईत ह्या म्हणी गोळा करून छापायला दिल्या. मोठमोठ्या ग्रंथांमागे अशी उधारी-उसनवारी असते हे वाचून मला फार बरं वाटतं, का ते माहीत नाही.

आता तक्रारी. छोट्या नोंदी पुष्कळशा कोरड्या आहेत, दोन-चार ओळींत अमक्या लेखकानं असं म्हटलंय, तमक्यानं तसं म्हटलंय, संपलं. संदर्भांचा नुसता मारा. पहिला महिनाभर मला वाटत होतं की हे अभ्यासकांचंच काम आहे, आपलं नाही. आंधळ्यांत एकडोळ्या राजा, मगरीचे अश्रू, एका पाकोळीनं वसंत येत नाही असली ओळखीची मंडळी भेटली की गंमत वाटते (वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणणाऱ्या माणसाला पहिली तर लगेच पटते), पण गंमत किती दिवस पुरणार.

मग रचना लक्षात आली आणि पुस्तक एकदम उघडलं. म्हणींना हजार, शेकडा आणि क्रमांक असे नंबर आहेत, विषयवारी वगैरे काही नाही, पण त्यानं मोठे लेख बरेचदा शेकड्याच्या सुरुवातीला ठेवलेत. म्हणजे नंबराच्या शेवटी १ दिसला की थांबायचं! तिथे म्हण हे फक्त निमित्त असतं, पुढे पानंच्या पानं हा माणूस मनातलं बोलत सुटतो, आणि खरा लेखक तिथेच आहे.

सगळ्यात आधी 'सावकाश घाई कर' वाचा. सम्राट ऑगस्टसची ही आवडती म्हण. व्हेनिसचा प्रकाशक अल्डस मनुशियस, त्याच्या छापखान्याचं चिन्ह डॉल्फिन आणि जहाजाचा नांगर, वेग आणि थांबणं एकत्र, आणि ते ज्या जुन्या रोमन नाण्यावरून घेतलं ते नाणं अल्डसनं ह्याला दाखवलेलं. १५०८ ची आवृत्ती इरॅस्मसनं त्या छापखान्यात बसूनच तयार केली, इकडे हा लिहितोय आणि तिकडे खिळे जुळवणारे जुळवतायत. इटलीतल्या विद्वानांनी आपल्याकडची दुर्मिळ हस्तलिखितं न मागता आणून दिली, पण उत्तरेकडच्या एका मित्रानं मात्र आपली टिपणं काढलेली प्रत द्यायला नकार दिला, तेही लिहून ठेवलंय. नाव दिलेलं नाही, टोमणा बरोबर दिलाय. शिवाय निष्काळजी छापणाऱ्यांवर भरपूर आगपाखड. ह्यातला विनोद असा की बाझेलच्या फ्रोबेन ह्या छापखानेवाल्यानं १५१३ मध्ये ह्याच पुस्तकाची न विचारता नक्कल छापली, आणि पुढच्याच वर्षी इरॅस्मस बाझेलला जाऊन त्याच्याच छापखान्याशी जोडला गेला तो कायमचा. धंद्याची जाण पक्की.

१५१५ च्या आवृत्तीत मात्र आवाज बदलतो. 'भुंगा गरुडाच्या मागावर' ही इसापाच्या गोष्टीवरची म्हण, शेणातल्या किड्यानं गरुडाची अंडी झ्यूसच्या मांडीवरूनसुद्धा पाडली ती गोष्ट. ह्यानं काय केलं तर गरुड म्हणजे राजा धरला आणि विचारलं की सगळे पक्षी सोडून राजाची खूण म्हणून शहाण्यांनी हाच का निवडला, ना दिसायला सुंदर, ना गोड गळा, ना खायच्या कामाचा, नुसता मांस ओरबाडणारा, भांडखोर, एकटा आणि सगळ्यांचा नावडता. त्या वेळी, राजांच्या देणग्यांवर जगणाऱ्या माणसानं हे लिहावं! मी ही पानं रात्री एकदा वाचली आणि सकाळी चहाबरोबर परत वाचली.

आणि मग 'युद्ध गोड, ज्यानं पाहिलं नाही त्याला'. आपल्याकडे युद्धस्य कथा रम्या म्हणतात तोच सूर, पण ह्यानं त्याचा अख्खा लेख केलाय, पुढे १५१७ मध्ये तो स्वतंत्र छापलासुद्धा. माणूस जन्मतो तो नागडा, शिंगं नाहीत, नख्या नाहीत, निसर्गानं दिलंय काय तर हसू, डोळ्यातलं पाणी आणि बोलणं, मग हा प्राणी एकमेकांचे गळे कापायला कधी शिकला? आधी श्वापदांपासून बचाव, मग शिकार, मग मांस, मग माणूस, अशी पायरी-पायरीनं साखळी लावत नेतो आणि शेवटी ख्रिश्चनच ख्रिश्चनांना मारतात ह्यावर येतो. हे तोंडपाटीलकी करून लिहिलेलं नाही, १५०६ मध्ये पोप जुलियस दुसरा लढाई जिंकल्याच्या थाटात बोलोन्यात शिरला तेव्हा हा तिथे होता. लेख लांबतो, काही ठिकाणी तेच तेच येतं, तरी सोडू नका.

रोमच्या चर्चविरुद्ध उभा राहिलेला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर, त्याच्याशी झालेल्या वादाचा भाग शोधत असाल तर इथे थोडा अपेक्षाभंग होईल. तो वाद, १५२४ चं इरॅस्मसचं इच्छास्वातंत्र्यावरचं लिखाण आणि १५२५ चं ल्यूथरचं उत्तर, वेगळ्या पुस्तकांत आहे. पण चर्चमधल्या दिखाव्याबद्दलचा राग बघायचा तर 'अल्किबायडीसचे सायलीनस' वाचा, बाहेरून ओबडधोबड आणि उघडलं की आत देव अशा मूर्तींवरचा लेख. असलं लिहिणारा माणूस दोन्ही बाजूंना नकोसा झाला ह्यात नवल नाही. रोमच्या चर्चनं १५५९ मध्ये त्याची सगळी पुस्तकं बंदीच्या यादीत टाकली, आणि म्हणींशिवाय तर कुणाचं चालेना, म्हणून १५७५ मध्ये कापाकापी केलेली आवृत्ती निघाली, तिच्यावर इरॅस्मसचं नावच नाही. संपादक कोण, तर अल्डसचा मुलगा पाउलुस. ज्या घरात पुस्तक मोठं झालं त्याच घरानं लेखकाचं नाव पुसलं.

वापराबद्दल थोडं. फोनवर पीडीएफ वाचायचा प्रयत्न करू नका, तळटीपा आणि ग्रीक अक्षरं ह्यांचा पार गोंधळ होतो. कागदी प्रतच घ्या. लॅटिन यायची काही गरज नाही, मला येत नाही. माझ्या प्रतीची शिवण सुटत आलीय कारण सारखं मध्येच कुठेतरी उघडलं जातं, आणि शेवटची सूची इतकी वापरलीय की ती पानं काळी पडलीत. पाचपैकी चार, एक कापला तो कोरड्या नोंदींचा.

घ्यायच्या आधी एकच बघा. निवडक आवृत्त्यांत प्रत्येक संपादकाची निवड निराळी असते, तेव्हा अनुक्रमणिका उघडून गरुडाचा, युद्धाचा, डॉल्फिनचा आणि सायलीनसचा असे चारही लेख पूर्ण छापलेत का ते तपासा, आणि नसतील तर स्वस्त मिळाली तरी ती प्रत घेऊ नका.