मराठी नोंदणी फॉर्म: गूगल फॉर्म, स्वतःचा फॉर्म की व्हॉट्सॲप?

बचत गटाचं प्रशिक्षण, अभ्यासिकेचं सभासदत्व, शेतकरी उत्पादक कंपनीच्या भागधारकांची यादी. परभणी, हिंगोली, लातूरकडच्या लहान संस्थांना मी असे नोंदणी फॉर्म करून देतो. संस्थाचालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "फुकटातला गूगल फॉर्म पुरेल का वेबसाइट करून घ्यावी लागेल?" मी त्यांना आधी विचारतो, फॉर्म भरताना मोबाइल कुणाच्या हातात असणार? लातूरला शिकवणीला आलेला मुलगा स्वतःचा फॉर्म दोन मिनिटांत भरतो. तांड्यावरच्या मावशींचा फॉर्म त्यांचा नातू भरतो किंवा सेवा केंद्रातला मुलगा भरतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा ओटीपी दुसऱ्याच जिल्ह्यात असलेल्या मोबाइलवर जातो. हे ठरलं की निम्मी निवड तिथंच होते.

गूगल फॉर्म

वर्षातून एकदा शिबिर आणि दोन-तीनशे नावं, एवढंच काम असेल तर हाच घ्या. पैसे लागत नाहीत, माहिती थेट तक्त्यात जमा होते आणि प्रश्न बदलायला कुणाला फोन करावा लागत नाही. मोबाइल नंबर १० अंकी आहे का, एवढी तपासणीही त्यात लावता येते आणि चूक झाल्यावरची सूचना आपल्या शब्दांत लिहिता येते. ती जरूर लिहा.

मर्यादा तीन. मोबाइल नंबर खरा आहे का हे ओटीपीने पडताळता येत नाही. कागदपत्राचा फोटो मागितला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि गावाकडं बऱ्याच जणांना आपल्या खात्याचा पासवर्ड आठवत नाही, कारण ते खातं मोबाइल घेताना दुकानदारानंच उघडून दिलेलं असतं. म्हणून फोटो मागूच नका, प्रत्यक्ष येतील तेव्हा बघा. तिसरी मर्यादा अशी की जिल्हा निवडला की फक्त त्याच जिल्ह्याचे तालुके दिसावेत, ही सोय सरळ मिळत नाही. प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळा विभाग करून उत्तरानुसार तिकडं पाठवावं लागतं. मराठवाड्याचे जिल्हे आठच असल्यामुळं एका संध्याकाळी ते होऊन जातं.

स्वतःच्या वेबसाइटवरचा फॉर्म

सभासदत्व दरवर्षी नवं करायचं असेल, पैसे भरून घ्यायचे असतील, जुनी नोंद शोधायची असेल, तर हा पर्याय. पण मराठीच्या खऱ्या अडचणीही इथंच येतात, आणि करून देणाऱ्याला त्या माहीत असतीलच असं नाही.

एका संस्थेच्या फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालत होती. तक्रार केल्यावर "युनिकोडमधलं कुठलंही अक्षर" असा नियम लावला गेला. (युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं संगणकात साठवायची पद्धत.) त्यानंतर सेलूजवळच्या एका ताईंनी मोबाइल माझ्यापुढं धरला, "सर, हे लाल कामून व्हायलंय?" गणपत नाव चालत होतं, गणेश चालत नव्हतं. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही "अक्षरं" नाहीत, "चिन्हं" आहेत. नियमात अक्षरांबरोबर चिन्हंही घेतली नाहीत तर बिनकाना-मात्रेची नावं तेवढी पुढं सरकतात. मराठीत अशी नावं किती सापडणार?

दुसरी गोष्ट यापेक्षा लपलेली. कुऱ्हाडे या आडनावातला ऱ्ह संगणकात एकापेक्षा जास्त प्रकारे साठू शकतो: ऱ हे एकच अक्षर म्हणून, र आणि खालचा नुक्ता (टिंब) असं, किंवा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि जोडणारं अदृश्य चिन्ह असं. दिसायला तिन्ही सारखेच. एकाच घरातल्या दोघांची आडनावं दोन मोबाइलवरून दोन तऱ्हेनं लिहिली गेली की यादीत शोधताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. साठवण्याआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणायला सांगा. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाण पद्धतीनं एक होतात, तिसऱ्यासाठी प्रोग्राममध्ये वेगळी ओळ लिहावी लागते.

आकड्यांचंही तेच. काही मराठी कीबोर्डवरून ९८ असे देवनागरी अंक येतात आणि फक्त इंग्रजी अंक घेणारा रकाना ते नाकारतो. भरणाऱ्याची यात काहीच चूक नाही. दोन्ही अंक घ्या, आतल्या आत बदलून साठवा. अक्षरमर्यादाही सैल ठेवा. क्षीरसागर हे आडनाव डोळ्याला पाच अक्षरांचं दिसतं, पण संगणक त्यात नऊ मोजतो.

ओटीपी ठेवायचा असेल तर खर्च धरा. मराठी एसएमएस ७० अक्षरांत बसवावा लागतो, इंग्रजीला १६० मिळतात. शिवाय असे संदेश पाठवायला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत संस्थेची आणि मजकुराची आधी नोंदणी लागते. मला विचाराल तर शिबिरासाठी ओटीपी नकोच.

व्हॉट्सॲप

"नाव, गाव, तालुका पाठवा" हा संदेश सर्वांना कळतो, व्हॉइस नोटही चालते. पण आलेलं सगळं कुणीतरी वहीत किंवा तक्त्यात उतरवायचं असतं. पन्नास नावांपर्यंत चालेल, पुढं चुका वाढतात. ग्रुपवर नोंदणी घेऊ नका. बायांचे नंबर सगळ्या ग्रुपला दिसतात. व्हॉट्सॲप फॉर्मची लिंक पाठवायला वापरा, तिथं त्याला तोड नाही.

साधन कुठलंही घेतलंत तरी

साधन काहीही निवडा, फॉर्म आधी मराठीत लिहा. इंग्रजीचं भाषांतर करत बसलात की "पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव" असं काहीतरी येतं. आपल्याकडं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असतं. तरी तीन सक्तीचे रकाने मी टाळतो. मराठवाड्यात "शेख अमुक शेख तमुक" असं नाव लिहायची रीत आहे. तिथं शेख आडनावाच्या रकान्यात टाकायचं की पहिल्या, यावरच माणूस अडतो. "पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे तसं" हा एकच रकाना पुरतो. आधार क्रमांक मात्र मागू नका. तुम्हाला तो लागत नाही आणि सांभाळायची जबाबदारी उगीच अंगावर येते.

पत्त्यासाठी "पत्ता ओळ १, पत्ता ओळ २" नको. मु. पो., ता., जि. हा क्रम हयातभर पाकिटावर लिहिलेला आहे, तोच ठेवा. मराठवाड्याचे तालुके ७६ आहेत. सगळे एकाच यादीत टाकले तर अंगठा सरकवून माणूस थकतो. आधी जिल्हा निवडला तर नांदेडला जास्तीत जास्त १६ आणि हिंगोलीला ५ एवढेच दिसतात. जिल्ह्यांत "धाराशिव (उस्मानाबाद)" आणि "छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)" अशी दोन्ही नावं द्या, कारण हातातल्या जुन्या कागदावर जुनंच नाव असतं. आणि संभाजीनगर शोधणारा स खाली बघतो, छ खाली बघत नाही. पिन कोडवरून जिल्हा ठरवू नका. ४१३ नं लातूरही सुरू होतं, सोलापूरही.

जन्मतारखेला कॅलेंडर लावलं तर साठीतल्या माणसाला महिना महिना मागं जावं लागतं. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या. बऱ्याच वडीलधाऱ्यांची तारीख १ जून निघेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिलेली असते, म्हणून तिला चूक समजू नका. नुसतं वय पुरत असेल तर वयच विचारा.

चुकीच्या सूचनेत "अवैध इनपुट" लिहू नका. "मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक टाकलेत" असं लिहा. बटनावर "सबमिट" चालतं, "नोंदणी करा" जास्त चांगलं. "पासवर्ड"चं "संकेतशब्द" करू नका. लोक पासवर्डच म्हणतात.

माहिती कशासाठी घेताय हे वर दोन ओळींत मराठीत सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय असावी असं आहे, आणि मराठी त्यात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती त्याच कायद्यात सांगितलीय. अभ्यासिकावाल्यांनी हा रकाना विसरू नये.

माझा सल्ला सरळ आहे. पहिल्या वर्षी गूगल फॉर्म करा आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांची नोंदणी पुन्हा घ्यायची वेळ आली तर स्वतःचा फॉर्म करून घ्या आणि वरच्या नावांच्या गोष्टी करून देणाऱ्याकडून आधी लिहून घ्या. लिंक पाठवण्याआधी पाच जणांना बोलवा. त्यात एक मावशी, एक शिकवणीचा मुलगा आणि एक सेवा केंद्रवाला असू द्या. मोबाइल त्यांच्या हातात द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. अंगठा जिथं थांबेल तो रकाना वहीत लिहून घ्या. आणि वीज गेली तर टेबलावर त्याच क्रमाचा छापील फॉर्म ठेवा, म्हणजे संध्याकाळी भरून घेणाऱ्याला रकाने शोधावे लागत नाहीत.