फ्रँकोची 'मारिओ' एलपी, आठ महिने वाजवल्यावर

ब्रसेल्सच्या जुन्या बाजारात १८ युरोला ही १९८५ ची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घेतली. फ्रँको म्हणजे काँगोचा गायक आणि गिटारवादक, ओके जॅझ हा त्याचा बँड, एवढं सांगून सरळ मुद्द्यावर येतो. तिसऱ्यांदा लावली तेव्हाच सुई अडकली. आणि अडकली कुठे, तर गाण्यात 'नालेंबी' म्हणतात बरोबर तिथे, मग नालेंबी, नालेंबी, नालेंबी, मी स्वयंपाकघरातून येऊन हात लावेपर्यंत.

परत घेऊन गेलो तर विकणारा म्हणाला जुना माल परत घेत नाही. बरं, ५ युरो तरी कमी कर म्हटलं, तेही नाही. १८ युरोत आमच्या घरची आठवड्याची भाजी येते, त्यामुळे डोकं फिरलंच माझं.

पहिले दोन महिने मत काही चांगलं नव्हतं. चौदा मिनिटांचं गाणं, गिटारचा एकच तुकडा गोल गोल फिरतोय, बँडचा गायक मादिलू छान गात असताना फ्रँको मध्येच गाणं सोडून बोलायलाच लागतो. ३ स्टार देऊन मोकळा होणार होतो.

मग ऑफिसातल्या किन्शासाच्या एका काकांना मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. ते ऐकता ऐकता अर्थ सांगत गेले. नालेंबी म्हणजे मी दमले. वयाने मोठी, पैसेवाली बाई बोलतेय, मारिओ तरुण आहे, चांगला शिकलेला आहे, पण कामधंदा करत नाही, हिच्या घरात राहतो, हिच्या जिवावर मजा करतो आणि वर भांडतो. म्हणजे ते बोलणं हेच गाणं आहे हो! शेजारीण दारात उभी राहून गाऱ्हाणं सांगते ना, तसं, आणि असं गाऱ्हाणं तीन मिनिटांत कुठे संपतं. गिटार फिरत राहते म्हणूनच तिला बोलायला जागा मिळते. मी तीच गिटार कंटाळवाणी म्हणत होतो, ते मत मागे घेतो.

त्यानंतर फ्रँकोबद्दल मिळेल ते वाचलं. १९३८ चा जन्म, सोना बाटा गावचा. आई लिओपोल्डव्हिलच्या, म्हणजे आजच्या किन्शासाच्या, न्गिरी-न्गिरी बाजारात तळलेले गोड वडे विकायची आणि हा पोरगा गिऱ्हाईक यावं म्हणून तिच्या गाड्याशेजारी गिटार वाजवायचा. मला वाटतं बायकांचं ते बोलणं त्याच्या कानात तिथेच बसलं. पंधराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड, १९५६ ला ओके बारमध्ये बँड, त्या बारवरूनच नाव. १९७८ ला अश्लील गाण्यांवरून तुरुंगात गेला आणि १९८४ ला देशाचा हुकूमशहा मोबुटू याच्या प्रचाराचं गाणं केलं, हे मात्र मला अजूनही पचत नाही, ज्याच्या राजवटीने आत टाकलं त्याचीच आरती. पण त्याच फ्रँकोने १९८७ ला एड्सपासून सावध राहा म्हणून लांबलचक गाणं केलं, इतर लोक त्यावर तोंड उघडायला घाबरत होते तेव्हा. १२ ऑक्टोबर १९८९ ला गेला, इथेच बेल्जियममध्ये, ५१ व्या वर्षी. तिकडे त्याच्या देशात, झैरमध्ये (म्हणजे आजच्या काँगोत), चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता.

आता सुईचं. सहाव्या महिन्यात कळलं की माझ्या टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, वजन दीड ग्रॅमवर होतं, त्या सुईला दोन लागतं. मागचं वजन फिरवून दोनवर आणलं आणि सुई ती जागा पार करून गेली, फक्त एक बारीक टिक येते. पण म्हणून ओरखडा नाही असं नाही, रेकॉर्ड खिडकीपाशी तिरकी धरली की दिसतो, अर्ध्या नखाएवढा. त्यामुळे ५ युरोची माझी मागणी योग्यच होती यावर मी ठाम आहे.

घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी उजेडात तिरकी धरून दोन्ही बाजू बघा आणि शक्य असेल तर तिथेच शेवटपर्यंत वाजवून घ्या, पहिली दोन मिनिटं ऐकून काही कळत नाही. आणि कुणी कापून छोटं केलेलं 'मारिओ' देत असेल तर फुकटही घेऊ नका, बाईचं बोलणंच जातं त्यात.

सध्या १९८४ ची 'मामू' शोधतोय, तीही मादिलूचीच. ओरखडा नसेल तर २० युरोपर्यंत द्यायची तयारी आहे.