जर्मनचं, ॲनोडाइज्ड की स्टील? नवीन किचन लावताना

नवीन घर लावताय, कुकर-कढई घ्यायचीय आणि कुणीतरी मावशी-काकूने सांगून ठेवलंय की जर्मनची (म्हणजे ॲल्युमिनियमची) भांडी नको गं बाई, विसरायला होतं, तर आधी तेवढं बघू. ही अल्झायमरची भीती १९६५ च्या सशांवरच्या प्रयोगांपासूनची. त्यात ॲल्युमिनियम थेट मेंदूत टोचलेलं होतं, आमटीतून दिलेलं नव्हतं. भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे आजवर सिद्ध झालेलं नाही. पोटात गेलेल्यातलं एक टक्काही रक्तात उतरत नाही आणि उतरतं त्यातलं बहुतेक किडनी बाहेर टाकते.

अडचण किडनीच कमजोर असेल तर. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातलं ॲल्युमिनियम रक्तात जाऊन पेशंटच्या मेंदूवर खरंच परिणाम झालेले आहेत. घरात किडनीचा पेशंट असेल तर पुढची तुलना सोडा, स्टील घ्या, आणि ॲसिडिटीचं औषध डॉक्टरला विचारून, कारण काही अँटासिडच्या एका डोसात शेकडो मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असतं, भांडं त्याच्या आसपासही येत नाही. (खाण्यातून पोटात जाणाऱ्या ॲल्युमिनियमची जागतिक तज्ज्ञ समितीची २०११ ची मर्यादा किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०. युरोपची याच्या निम्मी.)

आता बाकीच्यांसाठी. साधं जर्मनचं पातेलं स्वस्त, हलकं, पटकन तापतं, दूध-चहाला काही प्रॉब्लेम नाही. पण टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, कढी, कोकम असलं आंबट-खारट त्यात शिजवून वर रात्रभर तसंच ठेवलं की धातू जास्त सुटतो, चवही बिघडते. ॲनोडाइज्ड म्हणजेही ॲल्युमिनियमच, पण त्यावर ऑक्साइडचा जाड थर मुद्दाम चढवलेला असतो म्हणून ते आंबटाला बरंच टिकतं, फक्त तारेच्या घासणीने खसाखसा घासायचं नाही. स्टील आंबटाला बेस्ट, पण नुसतं पातळ स्टील उष्णता नीट पसरवत नाही, मध्ये करपतं, कांदा परतताना कळतंच. ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांचं घेतलं तर मध्ये ॲल्युमिनियम आणि अन्नाला स्टील, दोन्हीकडचं चांगलं, किंमत बघून मात्र गरगरतं.

कुकरवरून लोक उगाच भांडतात. आपण वरण-भात डब्यांत लावतो, डबे स्टीलचे, खाली नुसतं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कुकरला अन्न लागतच नाही. कुकर काळा पडू नये म्हणून त्या पाण्यात लिंबाची साल टाकता ना, ती टाका, ते पाणी कुठे प्यायचंय. थेट कुकरमध्ये राजमा, रस्सा, सांबार करणार असाल तर स्टीलचा किंवा ॲनोडाइज्ड घ्या.

माझ्या मते खरी काळजी वेगळीच आहे, भंगार वितळवून ओतलेली बिनब्रँडची भांडी. त्यात शिसं असू शकतं आणि शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम मात्र पक्का सिद्ध आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) २०२५ मध्ये हिंडालियमसकट (हा ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू) अशा काही भांड्यांबद्दल इशाराही दिला होता. तेव्हा पैसे वाचवायचे तर साइज कमी घ्या, वजनावर मिळणारं निनावी पातेलं नको. आणि आजीचं खड्डे पडलेलं, आतून खरवडलेलं जुनं असेल तर ते मोडीत देऊन टाका, तेवढेच पैसे नव्या कढईला.