पोस्टग्रेस जुन्या हार्ड डिस्कवरून एनव्हीएमईवर नेताना: डंप, फायलींची नक्कल की रेप्लिका?

मशीद बंदरच्या घाऊक पेढीचा हिशेब असो की दादरच्या लॅबचे रिपोर्ट, पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) बहुधा 7200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितके फेरे मारणाऱ्या, साटा हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षं चाललेलं असतं आणि नवं मशीन एनव्हीएमई एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घेऊन येतं. डेटा हलवायची पद्धत ठरवताना सगळे आधी आकार विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे: नव्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम बदलतेय का?

फायलींची नक्कल सगळ्यात वेगवान. सर्व्हर नीट बंद करायचा आणि पूर्ण डेटा डिरेक्टरी आरसिंक या नक्कल करणाऱ्या कमांडने न्यायची. गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात, म्हणजे जुनी डिस्क तेवढ्या वेगाने वाचत असेल तर 200 जीबी अर्ध्या तासात. अट अशी की पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती आणि प्रोसेसरची जात दोन्हीकडे एकच हवी.

पण खरा घात वेगळ्याच ठिकाणी होतो. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीने 2018 साली 2.28 आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला. अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-8 लोकेल (भाषेनुसार अक्षरक्रम ठरवणारी सेटिंग) ठेवून सॉर्ट कमांडला 1-1 आणि 11 अशा दोन ओळी द्या: जुन्या मशीनवर 11 आधी येतं, नव्यावर 1-1. सेंटओएस 7 वरच्या फायली आजच्या उबुंटूवर ठेवल्या तर सर्व्हर मुकाट सुरू होतो, एकही एरर येत नाही. मात्र मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या क्रमवार याद्या) जुन्याच क्रमाने रचलेले असतात. मग टेबलात असलेलं बिल शोधल्यावर सापडत नाही आणि युनिक इंडेक्स तोच कोड दुसऱ्यांदा घेतो. म्हणून लोकांना आत सोडण्याआधी रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, करायलाच हवं. लोकेल 'सी' असेल तर ही भानगड नाही.

दुसरा खड्डा टेबलस्पेसचा, म्हणजे डेटा डिरेक्टरीबाहेर ठेवलेल्या टेबलांच्या जागेचा. जुन्या मशीनवर जागा संपली म्हणून कुणीतरी काही टेबलं दुसऱ्या डिस्कवर टाकलेली असतात. डेटा डिरेक्टरीत त्यांची फक्त सिमलिंक (खऱ्या जागेकडे बोट दाखवणारी खूण) असते. आरसिंक लिंक नेतो, मागचा डेटा तिथेच राहतो. तो वेगळा न्या आणि नव्या मशीनवर तोच पाथ तयार करा. पीजी_बेसबॅकअप (चालू सर्व्हरच्या फायलींची नक्कल घेणारं साधन) वापरलंत तर टेबलस्पेस मॅपिंगने नवा पाथ तिथेच देता येतो.

डंप आणि रिस्टोर, म्हणजे डेटा फाइलीत काढून नव्या सर्व्हरमध्ये पुन्हा भरणं, संथ आहे, पण इंडेक्स नव्याने बांधले जातात. त्यामुळे क्रमाचा प्रश्न मिटतो, टेबलांतली मोकळी जागा झडते आणि आवृत्तीही बदलता येते. डंप नव्या मशीनवरून, नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपने ओढा. फाइल थेट एनव्हीएमईवर लिहिली जाते, जुन्या डिस्कला एकाच वेळी वाचायला-लिहायला लागत नाही. फिरत्या डिस्कवर दोनपेक्षा जास्त समांतर जॉब लावून सहसा फायदा नाही, हेडची नुसती धावपळ होते. रिस्टोर मात्र कोअरइतक्या जॉबनी करा, मेंटेनन्स_वर्क_मेम (इंडेक्स बांधायला मिळणारी मेमरी) 1 जीबीपर्यंत वाढवून. युजर आणि त्यांचे पासवर्ड पीजी_डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी_डंपऑलने वेगळे घ्या. शेवटी अ‍ॅनालाइझ, म्हणजे टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करणं; ते राहिलं की सोमवारी सकाळी नवं मशीन जुन्यापेक्षा हळू वाटतं.

रात्रभर बंद ठेवता येणाऱ्या, शंभरेक जीबीपर्यंतच्या डेटाबेससाठी आमची शिफारस डंपचीच.

रेप्लिका, म्हणजे चालू सर्व्हरशी सतत जुळत राहणारी प्रत, घ्यायची ती थांबणं परवडत नसेल तेव्हा. स्ट्रीमिंग रेप्लिकाला फायलींच्याच सगळ्या अटी लागू होतात, फक्त बंद काही मिनिटांचा. 10 व्या आवृत्तीपासूनचं लॉजिकल रेप्लिकेशन (फायलींऐवजी ओळींतले बदल पाठवणं) वेगळ्या आवृत्तीवरही चालतं. पण टेबलांची रचना आणि सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारी मोजणी) ते नेत नाही. सिक्वेन्स हाताने पुढे सरकवले नाहीत तर पहिलंच नवं बिल 'डुप्लिकेट की' म्हणून अडतं. प्रायमरी की नसलेलं टेबल रेप्लिका आयडेंटिटी (कुठली ओळ बदलली ते ओळखायची खूण) न लावता पब्लिकेशनमध्ये, म्हणजे पाठवायच्या टेबलांच्या यादीत, घेतलं, तर चालू सर्व्हरवरच त्याचे अपडेट-डिलीट बंद पडतात.

नवं मशीन ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आणि जुनं फोर्टात असेल, तर 100 एमबीपीएसच्या लाइनवर 300 जीबीला सात तास लागतील. एन्क्रिप्ट केलेली डिस्क लोकलने नेणं त्याहून लवकर होतं. काम रविवारचं असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून ठेवा.

पद्धत कुठलीही असो, डिस्क बदलली की काही गोष्टी बदलाव्याच लागतात. रँडम_पेज_कॉस्ट (विखुरलेला डेटा वाचण्याचा अंदाजे खर्च) मुळात 4 असतो, तो फिरत्या डिस्कचा हिशेब, एसएसडीवर 1.1 करा, नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) इंडेक्स सोडून अख्खं टेबल चाळत बसतो. कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलली की हेच राहून जातं. मग दोन्ही मशीनवर पीजी_टेस्ट_एफसिंक चालवा; डिस्कवर सेकंदाला किती वेळा पक्कं लिहिलं जातं ते त्यात दिसतं. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते. तिथे हजारोंचा आकडा दिसला तर मधली कॅश डिस्कवर न लिहिताच 'लिहिलं' म्हणतेय. एसएसडीतही हाच धोका आहे. लॅमिंग्टन रोडवर घेताना 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' (वीज गेली तरी कॅशमधला डेटा वाचवण्याची सोय) डेटाशीटवर लिहिलेलं बघूनच घ्या. लॅपटॉपसाठीच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतं.

एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) डिस्कचं नाव न देता यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, द्या, आणि डेटा माउंटच्या आत उपफोल्डरमध्ये ठेवा.

जुनं मशीन दोन आठवडे तरी पुसू नका. पण त्यावरची पोस्टग्रेस सेवा डिसेबल करा. वीज जाऊन आली की ती आपोआप उठते, आणि जुना आयपी धरून बसलेला एखादा काउंटर तिच्यातच बिलं टाकत राहतो.